छतानंतरचे अंदाजपत्रक

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अंदाजपत्रक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संसद उभी राहते. आज मला बोलावयाचे आहे ते स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्या ग्रामीण कुटुंबाच्या अंदाजपत्रकाविषयी.

१९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना होऊन २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण अस्तित्वात आली. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरले. मैदानी भागात १.२० लाख रुपये, तर डोंगराळ व ईशान्येकडील राज्यांत १.३० लाख रुपये साहाय्य निश्चित झाले. लाभार्थ्याने ठेकेदार न नेमता घर स्वतः बांधावे, हे या योजनेचे मूलतत्त्व होय. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी देताना साहाय्याची रक्कम मात्र तीच राहिली. दरम्यान मजुरी आणि साहित्याचे दर वाढले होते. नाममात्र मूल्य आणि वास्तव मूल्य यांतील फरकाचे हे उत्तम उदाहरण आहे.

ही तूट कोठे प्रकट होते? पाया, भिंती आणि छत यांत काटकसर करणे धोक्याचे असते. त्यामुळे आधीच्या प्रत्येक टप्प्यावरील वाढीव खर्चाचा भार अखेरच्या कामांवर, म्हणजे गिलावा, जमीन, दारे-खिडक्या, वीज व नळजोडणी यांवर येऊन पडतो. कुटुंब या कामांसाठी स्वतंत्र तरतूद करीत नाही. उरेल त्यात ती भागवू पाहते.

शिवाय अंदाजच चुकतो. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा एका खोलीचे घर घ्या. जमीन २५ चौरस मीटर. भिंतींची उंची तीन मीटर धरल्यास आतील भिंती ६० चौरस मीटर होतात. दारे-खिडक्यांचे पाच वजा केले आणि छताचे २५ मिळवले, तर गिलाव्याचे क्षेत्र ८० चौरस मीटर, म्हणजे जमिनीच्या तिपटीहून अधिक भरते. मध्ये एक आडभिंत घातली की तिच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ३० चौरस मीटर आणखी वाढतात.

म्हणून या कामांचा निधी पाया खणण्यापूर्वीच वेगळा काढावा आणि कामांची तीन गटांत विभागणी करावी. पहिला गट गिलाव्याखाली झाकल्या जाणाऱ्या वीजनळ्या व पाण्याच्या नळांचा. ही कामे मागाहून केल्यास तोडफोडीचा खर्च वाढतो, म्हणून ती टाळू नयेत. दुसरा गट आरोग्याशी निगडित कामांचा: सिमेंटचा कोबा, स्वयंपाकाची जागा, न्हाणीचा उतार. तिसरा गट फरशी, रंग व कपाटांचा. ही कामे पुढील हंगामाच्या उत्पन्नातून करता येतात. त्यासाठी आधीच कर्ज काढण्याचे कारण नाही.

दुसऱ्या गटाला केवळ सोयीचा भाग समजू नये. मेक्सिकोमध्ये शासनाच्या 'पिसो फिर्मे' कार्यक्रमाने मातीच्या जमिनीऐवजी सिमेंटची जमीन करून दिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा घरांतील बालकांमध्ये परोपजीवी जंत, अतिसार व रक्तक्षय यांचे प्रमाण घटल्याचे आढळले.

परीक्षेत तुम्ही पूर्ण झालेल्या घरांची संख्या लिहाल; ती अवश्य लिहा. मात्र छत पडले म्हणजे घर राहण्यायोग्य झाले असे नव्हे. उद्या प्रशासनात गेल्यावर घराची पाहणी करताना प्रथम त्याची जमीन पाहा.