दूरशिक्षणातली एम. ए. : फीपलीकडचा हिशेब

जून-जुलैत मुक्त विद्यापीठांच्या प्रवेशाच्या जाहिराती येऊ लागतात आणि नोकरी-संसारात राहून गेलेलं पदव्युत्तर शिक्षण अनेकांना पुन्हा खुणावतं. पहिला प्रश्न ठरलेला: फी किती?

फी बहुधा झेपते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये निघालं, तेच मुळी वर्गात रोज बसणं ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी.

भारी पडतो तो वेळ. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची एम. ए. साधारण 80 श्रेयांकांची, आणि एका श्रेयांकाला 30 तासांचा अभ्यास धरलेला. म्हणजे 2400 तास. दोन वर्षांत उरकायचं तर सुट्टीचे वार धरूनही रोजचे सव्वातीन तास! बदलापूरहून लोकलनं मुंबईला नोकरीला जाणारी, रात्री आठला घरात पाऊल टाकणारी बाई हे तास काढणार कुठून? सगळ्यांची जेवणं आटोपून दहाला पुस्तक उघडावं, तर अकराला डोळे मिटू लागतात. रविवार स्वाध्याय लिहिण्यात जातो. सुदैवानं मुदत चार वर्षांपर्यंत मिळते. नोकरदारानं ती पहिल्या दिवसापासूनच गृहीत धरावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता पदवीचा उपयोग. राज्यसेवा परीक्षेला साधी पदवी पुरते, त्यासाठी एम. ए.ची गरज नाही. प्राध्यापक व्हायचं असेल, तर नेट परीक्षेला खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला एम. ए.त 55 टक्के लागतात; 52 टक्क्यांवर उत्तीर्ण झालेल्याला तो दरवाजा बंदच. बढतीची आशा असेल, तर आस्थापना शाखेकडून नियम लेखी घ्यावा, सहकाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

दूरशिक्षणाची पदवी दुय्यम, ही समजूत मात्र सोडून द्यावी. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचं विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. मेख ‘मान्यताप्राप्त’ या शब्दात आहे. ज्या सत्राला प्रवेश घ्यायचा, त्याच सत्रासाठी तो अभ्यासक्रम आयोगाच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावं. ‘सहा महिन्यांत एम. ए.’ म्हणणाऱ्याच्या दारात तर उभंच राहू नये.

आणि केवळ विषयाच्या ओढीनं शिकायचं असेल, तर तेही कारण भक्कम आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तकं ‘ईज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. फी भरण्याआधी महिनाभर त्यातलं एक पुस्तक रोज रात्री वाचून पाहावं.