हायब्रीड मोटार : वाण कोणता?

‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली आणि शब्द घरोघर पोचला. पण बियाणे घेताना शेतकरी वाण कोणता, हे विचारूनच पिशवी उचलतो. हायब्रीड मोटार घेतानाही तेच विचारावे.

या मोटारीत पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असते. ही वीज येते कोठून? शिक्षकबंधूंनी वर्गात सायकल उलटी ठेवून चाक फिरवावे आणि त्याला डायनामो टेकवावा. दिवा लागतो, पण चाकही लवकर थांबते. चाकाची गती गेली, तिची वीज झाली. मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरणारी साधी गाडी ही गती ब्रेकच्या उष्णतेत घालवते. हायब्रीड गाडी तिच्यातला काही भाग बॅटरीत साठवते आणि पुढे चढाला वापरते.

आता वाण तीन. पहिला सौम्य. रुतलेल्या बैलगाडीला मागून हात लावावा, तशी येथे मोटर इंजिनाला मदत करते. एकटी गाडी ओढत नाही. दुसरा पूर्ण, विक्रेते त्याला ‘स्ट्राँग’ म्हणतात. बाजारातल्या संथ रहदारीत इंजिन बंद ठेवून केवळ मोटरवर ही गाडी चालते. जपानात १९९७ साली निघालेली टोयोटाची प्रियस याच जातीची. तिसरा प्लग-इन. याची मोठी बॅटरी घरच्या विजेवर भरता येते आणि काही अंतर पेट्रोलवाचून कापता येते. पहिल्या दोहोंना बाहेरून वीज भरावी लागत नाही.

नावावर मात्र जाऊ नये. मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा २०२२ साली एकाच नावाखाली सौम्य आणि पूर्ण अशा दोन्ही प्रकारांत आली.

मग जादा पैसे कोणी मोजावेत? गावात थांबत-थांबत फिरणाऱ्याला पूर्ण हायब्रीडचा लाभ अधिक. मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर एका वेगाने धावणाऱ्याला ब्रेक क्वचितच लागतो. तेथे बचत कमी.

समजा, महिन्याला ९०० किलोमीटर फिरणे आहे. लिटरला १५ किलोमीटर पडले तर ६० लिटर लागतील. २० पडले तर ४५. म्हणजे वर्षाला १८० लिटर वाचले. त्यांची किंमत आणि गाडीची जादा किंमत शेजारी-शेजारी मांडावी. सातवीतला मुलगाही हे गणित करील. ते झाल्यावरच दुकानाची पायरी चढावी.