गुडघा, मॅरेथॉन आणि कोयत्याचा हंगाम

(मंडळाच्या मदतनिधी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाची वेळ होत आली आहे आणि मसालेभाताचा वास सभागृहात पोचला आहे. तेव्हा भाषण मॅरेथॉनइतकं लांबणार नाही, ही खात्री आधीच देतो.

मंडळातले आम्ही सहा जण येत्या ऑक्टोबरात शिकागो मॅरेथॉन धावायची तयारी करत आहोत. सगळ्यांची ही पहिलीच खेप. अंतर २६.२ मैल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. मुंबईकरांसाठी सांगायचं तर सीएसटीहून निघून ठाणं, मुंब्रा मागे टाकत दिव्याच्या आसपास पोचायचं, आणि तेही लोकलशिवाय! शिकागोचा मार्ग सपाट आहे आणि साडेसहा तासांची मुदत आहे, एवढाच काय तो दिलासा.

मराठी माणसाला हे अगदीच नवं नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले होते. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते तीन तासांच्या आत कापलं आणि एकोणिसावे आले. आम्हांला साडेसहा तासांत पोचलो तरी पेढे वाटायचे आहेत.

आता मुद्द्याचं. हा निधी कशासाठी? मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (त्या भागात नवराबायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात) बीडसारख्या जिल्ह्यांतून गाव सोडतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घरी सांभाळणारं कुणी नसेल तर मुलंही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसून फडावर जातात. शाळेचं अर्धं वर्ष बुडतं. पुढच्या वर्षी परत वर्गात बसणं कठीण होतं आणि मुलींच्या बाबतीत तर लवकर लग्न लावून देण्यापर्यंत गोष्ट जाते. तेवढे पाच-सहा महिने गावातच जेवणाची, झोपण्याची सोय झाली, तर मूल शाळेत टिकतं. इतकी साधी ही गोष्ट आहे. पण पैसे हंगामाच्या आधी पोचले पाहिजेत. कोयता एकदा गावाबाहेर पडला की मागाहून गेलेल्या चेकचा त्या वर्षी उपयोग नाही.

आणि नेमक्या याच वेळी आमच्यातल्या एकीचा गुडघा बोलू लागला!

अठरा आठवड्यांच्या तयारीत दर शनिवारी लांबची धाव असते. लेक मिशिगनच्या काठी १८ मैलांचा छान रस्ता आहे, तिथे आम्ही पहाटे जमतो. बाराव्या मैलानंतर तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली, जिना उतरताना जास्त. निदान झालं आयटी बँडचं. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत जाणारा हा जाड पट्टा. धावणाऱ्यांचं हे अगदी नेहमीचं दुखणं. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायुबंध आणि हाडं मात्र महिने घेतात. कुठल्याही सिस्टीमचा वेग तिच्या सर्वांत सावकाश भागावर ठरतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

उपाय फारसा चमत्कारिक नाही. धावणं कमी, पोहणं आणि सायकल जास्त, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम रोज. शिवाय आता आम्ही सगळेच धावणं आणि चालणं आलटून पालटून करतो. १९७२ चे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत इथे लोकप्रिय केली. आमच्या दृष्टीने तो पालखीचा विसावाच. वारकरी दिवसाची मजल एका दमात मारत नाहीत, ठरलेल्या ठिकाणी विसावतात, म्हणून तर पंढरपूरला पोचतात.

एक गोष्ट मात्र आम्ही सहाही जणांनी पक्की ठरवली आहे. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखलं, किंवा रात्री पडल्यापडल्याही दुखत राहिलं, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि थेट डॉक्टरकडे. ते हाडाला तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर 'मराठी बाणा' चालत नाही.

म्हणूनच आजच्या देणगीच्या फॉर्मवर मैलांचा रकाना नाही. मैलामागे अमुक डॉलर, अशी पद्धत इथे सर्रास आहे आणि तिच्यात गंमतही आहे. पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तो रकाना पुढे ढकलत राहतो. अठराव्या मैलावर थांबलो तर मुलांचे आठ मैल बुडाले, असं त्याला वाटतं. आम्हांला कुणाला या हिशेबात लंगडत पळवायचं नाही, आणि वसतिगृहातल्या मुलांचं जेवण कुणाच्या गुडघ्यावर अवलंबून ठेवायचं नाही. तुमची देणगी पूर्ण रकमेची असेल. आम्ही सहाच्या सहा पोचलो काय, की एक जण पाण्याचे पेले वाटत रस्त्याकडेला उभी राहिली काय, पैसे हंगामाआधी तिकडे पोचतील.

तेव्हा दोनच विनंत्या. फॉर्म आजच भरा. 'ऑक्टोबरात बघू' म्हणाल तर कोयता निघून गेलेला असेल. आणि आपली कंपनी कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालते का, ते सोमवारी ऑफिसात जरूर विचारा. इथल्या पुष्कळ कंपन्या घालतात. एका अर्जाने रक्कम दुप्पट होत असेल, तर तेवढे कष्ट घ्यायला काय हरकत आहे?

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण लहानपणी सुविचाराच्या फळ्यावर लिहीत आलो. धावण्याचं आम्ही बघतो, तळ्याचं तुम्ही बघा.