घोडा आपला, हात दुसऱ्याचा

(आपल्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण बैलगाडा शर्यतीबद्दल बोललो, आणि त्यानंतर व्हॉइस नोटांचा पाऊस पडला. बहुतेक नोटांमध्ये कुणाचा बैल भारी यावरच वाद होता. तो चालू द्या. पण भूम तालुक्यातल्या एका पोराची नोट वेगळी होती. चौघा मित्रांनी पैसे जमवून एक खोंड घेतलाय. एकाने तर त्यासाठी सोसायटीचं कर्ज उचललंय. गावात पळवायला शिकवणारं कुणी नाही, म्हणून तो सातारा भागातल्या एका जाणत्या माणसाकडे सांभाळायला ठेवलाय. महिन्याला ठरलेली रक्कम जाते. आणि पोरगं विचारतंय, “दादा, त्या माणसाकडून आम्ही नेमकं काय मागायचं? जास्त विचारलं तर ते नाराज होतात, नाही विचारलं तर आम्हाला काहीच कळत नाही.”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात चार घरांचे पैसे आहेत आणि एक मुकं जनावर आहे. याचं उत्तर शोधायला मी बैलांऐवजी रेसच्या घोड्यांकडे गेलो. कारण जनावर एकाचं आणि त्याला घडवणारा दुसरा, ही पद्धत तिथे शंभर-दीडशे वर्षं रुळलेली आहे. त्यातली भांडणंही जुनी आहेत आणि त्यावरचे तोडगेही जुने.

आता कुणी म्हणेल, धाराशिवचा आणि रेसकोर्सचा काय संबंध? गंमत बघा. आपल्या नळदुर्ग-उमरग्यावरून जो पुणे-हैदराबाद महामार्ग जातो ना, त्याच्या एका टोकाला पुण्याचं रेसकोर्स आहे आणि पुढे हैदराबादला मलकपेटचं. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि मलकपेटचं रेसकोर्स निजामाच्याच काळातलं. मुंबईचं महालक्ष्मी १८८३ चं. म्हणजे एका रस्त्यावर दोन्हीकडे घोडे पळतायत आणि मधे आपण चहा पितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, आज पैजेबद्दल बोलणार नाही. टिप मागायला मेसेज करू नका, मिळणार नाही.

तर रेसच्या घोड्याचं कसं चालतं? घोडा साधारण दोन वर्षांचा झाला की स्टड फार्मवरून ट्रेनरच्या तबेल्यात येतो. ट्रेनरकडे क्लबचा परवाना लागतो. आपल्याकडे मुंबई-पुण्याला तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब देतो. घोड्याला रोज खरारा करणारा, दाणापाणी बघणारा सईस वेगळा, सकाळी घोड्यावर बसणारा रायडर वेगळा, नालबंद वेगळा, डॉक्टर वेगळा. शर्यतीत बसणारा जॉकी आणखी वेगळा. या सगळ्यांच्या मधोमध ट्रेनर असतो. आणि मालक? मालक बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो आपल्या धंद्यात, दुसऱ्या शहरात असतो. त्याच्यापर्यंत पोहोचतं ते दोन गोष्टींतून: महिन्याचं बिल आणि ट्रेनरचा फोन.

म्हणून मालकाला ट्रेनरकडून काय हवं असतं असं विचारलं, तर पटकन उत्तर येतं, “जिंकणं.” पण जरा हिशोब करा. एका शर्यतीत दहा घोडे पळाले तर नऊ मालक हरून घरी जातात. दर आठवड्याला. तरी तेच मालक त्याच ट्रेनरकडे वर्षानुवर्षं राहतात. फक्त जिंकण्यासाठी राहिले असते तर सगळे तबेले केव्हाच रिकामे झाले असते. माझं मत असं आहे की मालक पैसे मोजतो ते खऱ्या बातमीसाठी. त्यातही वाईट बातमी, आणि ती वेळेवर.

याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

पहाटेचा सराव झाला की चांगला ट्रेनर घोड्याच्या पुढच्या पायाच्या नळीवरून, गुडघ्याच्या खालून, हात फिरवतो. मागच्या बाजूला जी जाड नस असते ती बोटांनी चाचपतो. कालच्यापेक्षा जरा गरम लागतेय का? थोडी फुगलीय का? घोडा पाय आखडून घेतो का? त्या वेळी घोडा लंगडत नसतो. खातोय, पितोय, दिमाखात उभा आहे. फक्त नस कोमट आहे. इथे थांबलं, विश्रांती दिली, तर घोडा बरा होण्याची चांगली शक्यता असते. पण शर्यत शनिवारी आहे, एन्ट्रीचे पैसे भरलेत आणि मालक नातेवाईक घेऊन येणार आहे. अशा वेळी तसाच पळवला आणि नस फाटली, तर महिनोन् महिने गेले. कधी कधी घोडा कायमचा गेला.

आता तो ट्रेनर काय करतो यावर सगळं आलं. एक ट्रेनर त्याच सकाळी फोन करतो, “साहेब, पाय गरम आहे. शनिवारी नाही पळवत.” मालक चिडतो, दोन शब्द बोलतो. दुसरा ट्रेनर गप्प बसतो, वाटतं निघेल वेळ. पहिला फोन कडू आहे. पण विचारा स्वतःला, तुमचा खोंड तुम्ही कुणाकडे ठेवाल?

दुसरी गोष्ट, घोडा कुठे पळवायचा. हे तर फार नाजूक काम. कुणी घोडा हजार-बाराशे मीटरचा असतो, सुसाट जातो आणि संपतो. कुणी दोन हजार मीटरनंतर रंगात येतो. शिवाय क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो. घोडा जिंकत गेला की त्याचं रेटिंग वाढतं आणि हँडिकॅप शर्यतीत त्याच्या पाठीवर जास्त वजन येतं. खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते वजन पुरं करतात. म्हणजे कोणत्या शर्यतीत, किती वजनावर, किती अंतरावर घोडा घालायचा, हे ट्रेनरचं डोकं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, त्यात या तालमीचा, जॉकीच्या हुशारीचा विचार होता.

आणि इथेच मालकाची हौस आडवी येते. इंडियन डर्बी घ्या. महालक्ष्मीला फेब्रुवारीत होते, २४०० मीटर. १९४३ साली पहिली झाली तेव्हा बडोद्याच्या गायकवाड घराण्याची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ नावाची घोडी जिंकली होती. ही डर्बी फक्त चार वर्षांच्या घोड्यांची. घोड्यांचं वय कागदावर एक जानेवारीला वाढतं, म्हणजे प्रत्येक घोड्याला जन्मात एकदाच संधी. आता सांगा, कुठला मालक म्हणणार नाही की आपला घोडा डर्बीत पळू दे? शेवटचा आला तरी चालेल, फोटो तर येईल! अशा वेळी “हा घोडा १४०० चा आहे, २४०० ला मोडेल” असं तोंडावर सांगणारा ट्रेनर लागतो. पेसी श्रॉफ यांच्यासारखे लोक जॉकी म्हणून डर्बी जिंकून मग ट्रेनर झाले, त्यांच्या ‘नाही’ला वजन असतं. नवख्या ट्रेनरला तोच ‘नाही’ महाग पडू शकतो, कारण मालक दुसऱ्या दिवशी घोडा उचलून दुसरीकडे नेऊ शकतो. हे अवघड आहे, आणि यात मी ट्रेनरच्या बाजूने आहे.

बिलांचं थोडक्यात सांगतो. भांडणं हरण्यापेक्षा बिलावरून जास्त लागतात. महिन्याचा सांभाळ, डॉक्टर, औषध, नाल, एन्ट्री फी, एका शहरातून दुसऱ्या शहरात नेण्याचं भाडं, जॉकीची फी. एवढं वेगवेगळं लिहून आलं की मालक शांत असतो. ‘इतर खर्च’ असा एकच मोठा आकडा आला की त्याची झोप जाते. बक्षिसातला ट्रेनरचा आणि जॉकीचा वाटा तर आधीच ठरलेला असतो, त्यावर वादच नको.

औषधाचा विषय मात्र बिलापुरता नाही. शर्यतीनंतर घोड्याचे नमुने तपासायला जातात, आणि बंदी असलेलं काही सापडलं तर पहिल्यांदा ट्रेनरला उभं करतात. “मला माहीत नव्हतं, सईसानं दिलं असेल” हे सहसा चालत नाही. तबेल्यात घोड्याच्या पोटात जे जातं त्याची जबाबदारी ट्रेनरची. बैलांच्या मैदानात असा एक माणूस आपण कधी नेमलाच नाही. बैलाला काही टोचलं, तर जबाबदार कोण? मालक म्हणतो ड्रायव्हरनं केलं, ड्रायव्हर म्हणतो सांभाळणाऱ्यानं.

आणि एका घोड्याचे पाच-दहा मालक असले तर? असं खूप असतं. मग ट्रेनर फोन कुणाला करणार? शहाणे लोक आपल्यातला एक जण ठरवतात. ट्रेनर त्याच्याशीच बोलणार, तो बाकीच्यांना सांगणार. भूमच्या चौघांनो, हे तुमच्यासाठी आहे. चौघांनी चार वेळा फोन करून चार गोष्टी सांगितल्या तर तो माणूस नाराज होणारच, त्याचं काय चुकलं?

ट्रेनरलाही मालकाकडून काही हवं असतं हे विसरू नका. पैसे वेळेवर. घोडा तयार व्हायला लागणारा वेळ. आणि दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून आपल्याला रोज शहाणपण न शिकवणं. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यामुळे हा शेवटचा त्रास फार वाढलाय.

फोनवरून आठवलं. तुमच्या खोंडाचे रील तुम्हाला येतात, माहितेय मला. धुरळा उडतोय, मागे गाणं लावलंय, खोंड सुसाट. त्या रीलमधून तुम्हाला काहीही कळत नाही. मागायचाच असेल तर दुसरा व्हिडिओ मागा. पळवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कडक जमिनीवर, संथ चालताना, एकदा समोरून, एकदा मागून, एकदा बाजूने. गाणं नको. घोड्याचा पुढचा पाय दुखत असला तर त्या पायावर भार येताना तो मान वर उचलतो आणि चांगल्या पायावर मान खाली येते. बैलाचंही चालणं असंच बोलतं, पाऊल आखूड पडतं, टेकताना चोरून टेकतो. हे धावताना दिसत नाही, चालताना दिसतं. शंका आली तर व्हिडिओ जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, ग्रुपवर टाकू नका.

बैलांकडे येतोच आता. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली. २०१७ ला राज्यानं कायदा बदलला, पण शर्यती सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा मान्य केला. मधल्या त्या वर्षांत लोकांनी बैल सांभाळले, पण उघडपणे व्यवहार करायची सोय नव्हती. आता एकदम पैसा आलाय, खोंडांच्या किमती लाखांत गेल्यात, आणि व्यवहार अजून तोंडी चाललाय. रेसच्या घोड्याला ज्या रीतीभाती लागायला काही पिढ्या गेल्या, त्या आपल्याकडे अजून बसायच्या आहेत.

शिवाय कायदा तुम्हालाही लागू आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक नाही, टोचणी नाही, बॅटरीचा करंट नाही. जनावराला इजा करून अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ‘आमचा बैल तिकडे होता, आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका. म्हणून त्या सातारच्या माणसाबरोबर बसून एक कागद करा. खुराक काय आणि कुणाच्या पैशानं, औषध देण्याआधी फोन करायचा की नाही, महिन्यात किती मैदानं, बक्षिसाची वाटणी कशी, बैल परत न्यायचा झाला तर किती दिवस आधी सांगायचं. जाणता माणूस कागदाला घाबरत नाही. घाबरला तर तेही तुम्हाला आधीच कळलं, बरंच झालं.

एक प्रश्न उरतो, आणि तो रेसवालेही शेवटपर्यंत टाळतात. पळणं संपल्यावर काय? पूनावाला घराण्याचा पुण्याजवळचा स्टड १९४६ चा. तिथले म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिनला दिले जायचे, घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष आणि धनुर्वाताचं सीरम बनवायला. त्यातूनच पुढे १९६६ ला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्याकडे शेतात साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, तेही घोड्याच्याच रक्तातून येतं. पण प्रत्येक घोड्याच्या नशिबी असं कामाचं म्हातारपण नसतं. आणि बैलाच्या तर नाहीच.

भूमच्या मित्रा, तुमच्या चौघांत हे आजच बोलून घ्या. खोंड आठ-दहा वर्षांचा होईल तेव्हा तो कुणाच्या गोठ्यात असेल? चौघांपैकी एकाचं तरी नाव कागदावर येऊ दे. मग सातारला फोन लावा, आणि त्या चालण्याच्या व्हिडिओचं विसरू नका.

पुढच्या भागात एक पशुवैद्यक आपल्यासोबत असतील. खूर, नस, खुराक, काय विचारायचं ते व्हॉइस नोटनं पाठवा. एक मिनिटाच्या आत पाठवा, मागच्या वेळी एकानं सतरा मिनिटांची पाठवली होती. ऐकली मी सगळी.