हळदीचा रंग आणि हळदीचा वास
(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण, थोडेसे संपादित करून)



आरती झाली आहे, जेवण व्हायचे आहे, आणि आत मसालेभाताचे झाकण कोणीतरी उघडलेले दिसते. अशा वेळी भाषण करणे म्हणजे धाडसच! पण माझा विषय वासाचाच आहे, त्यामुळे निभावून जाईल. मी एका फ्लेवर बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करतो. मसाल्यांची तेले यंत्रात घालायची आणि त्यांत काय काय आहे ते बघायचे, हा माझा रोजचा उद्योग.

तुमच्यात दोन बाटल्या फिरायला दिल्या आहेत. दोन्हींत पिवळी पूड आहे. पहिलीत सांगलीची राजापुरी हळद, दुसरीत शुद्ध कर्क्युमिन. जरा वास घेऊन बघा. चाखू नका, आणि पांढऱ्या झब्ब्यावर तर अजिबात सांडू नका! पहिल्या बाटलीत स्वयंपाकघर आहे. दुसरीला जवळजवळ वासच नाही. माझे निम्मे भाषण त्या बाटल्यांनीच करून टाकले.

हळद म्हटले की आपण रंग बघतो. तो रंग कर्क्युमिनचा आणि त्याच्या दोन भावंडांचा. वाळलेल्या हळदीत ही मंडळी शेकडा २ ते ५ च्या आसपास असतात. साबण लागला की डाग लाल होतो आणि उन्हात वाळवला की फिका पडतो, ही सगळी त्यांचीच करामत. वास मात्र त्यांचा नव्हे. वास आहे तेलाचा, आणि हे तेलही साधारण तेवढेच असते, शेकडा ३ ते ५, कधी थोडे जास्त. कुटलेल्या हळदीतून वाफ सोडायची, ती वाफ थंड करायची, की पाण्यावर पिवळसर तेल तरंगते. रंग मागे भांड्यातच राहतो. म्हणजे एकाच गड्ड्यात दोन वेगळे संसार आहेत.

हे तेल आमच्या यंत्रात एका केसासारख्या बारीक, तीस-तीस मीटर लांब नळीच्या वेटोळ्यातून जाते. हलके घटक आधी बाहेर पडतात, जड मागून. हळदीच्या तेलात सर्वांत जास्त असतात ती टर्मेरोन नावाची तीन भावंडे: आर-टर्मेरोन, अल्फा आणि बीटा. प्रत्येकात पंधरा कार्बन. जोडीला झिंजिबरीन, जे आल्याच्या तेलातही भरपूर असते. आले आणि हळद एकाच कुळातली, त्यामुळे हे नाते आलेच.

आता कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांसाठी. पातोळ्यांना येणारा वास आणि हळदपुडीचा वास एक नाही, हे तुम्हाला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक आहे. पानाच्या तेलात टर्मेरोन फारसे नसतातच. तिथे राज्य असते दहा कार्बनवाल्या हलक्या घटकांचे, बऱ्याच नमुन्यांत अल्फा-फेलँड्रीनचे. हेच फेलँड्रीन शेपूतही असते. (शेपू न आवडणारी माणसे पातोळ्या मात्र चाटूनपुसून खातात, हे कोडे मला सुटलेले नाही.) हलके असल्यामुळे ते वाफेबरोबर लगेच सुटते, आणि पातोळ्या शिजायच्या आधीच घरभर बातमी पोचते.

आंबेहळद ही हळदीची चुलत बहीण. तिच्या तेलात मायर्सीन जास्त, आणि ते कैरीतही असते. तिला ते नाव देणाऱ्या माणसाकडे यंत्र नव्हते, नाक होते. दिवाळीच्या उटण्यातला कचोरा याच घराण्यातला. त्याच्या बऱ्याच नमुन्यांत निलगिरीच्या तेलातले सिनिओल आणि थोडा कापूर सापडतो. जमीन बदलली, जात बदलली की हे आकडे बदलतात, म्हणून कोणी एकच आकडा छातीठोकपणे सांगितला तर मी जरा सावध होतो.

आता थोडे या देशाविषयी. २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरून काढण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. आपल्या आज्या ऐकून हसल्या असत्या! भारताच्या सीएसआयआरने, म्हणजे तेव्हा तिचे प्रमुख असलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांनी, त्याला आव्हान दिले. पुराव्यात संस्कृत ग्रंथांतले उल्लेख होते, १९५३ चा एक वैद्यकीय लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट ऑफिसने दावे नाकारले. गोव्यातल्या माशेलात जन्मलेल्या माणसाने ही लढाई जिंकली, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण ती लढाई कशाची होती ते लक्षात घ्या: हळदपुडीची. अख्ख्या हळदीची. आज इथल्या दुकानात ‘टर्मेरिक’ म्हणून जी कॅप्सूल मिळते, तिच्या डबीवर बहुतेक वेळा ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ असे लिहिलेले असते. म्हणजे बाटली नंबर दोन! तेल बहुधा काढून टाकलेले. काही कंपन्या ते पुन्हा घालतात, ती गोष्ट वेगळी.

भारतातून आलेले आईवडील ‘अरे, हळदच तर आहे’ म्हणून या गोळ्या सुरू करतात. माझा मुद्दा इथे आहे. आमटीतली पाव चमचा हळद आणि ही गोळी यांत नाव सोडले तर फार थोडे समान आहे. कित्येक गोळ्यांत मिरीचे पायपरीन घातलेले असते, कर्क्युमिन जास्त शोषले जावे म्हणून. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या एका गटाने २०११ ते २०२२ या काळातले हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना हॉस्पिटलात ठेवावे लागले, एक जण दगावला. दहा हा आकडा लहान आहे, घाबरायचे कारण नाही. पण डॉक्टर ‘कोणती औषधे घेता?’ विचारतात तेव्हा ही गोळी यादीत सांगा. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी बंद करून लगेच दाखवा.

पुडीबद्दलही एक. रंग खोटा करता येतो. लेड क्रोमेट नावाचे पिवळे, शिसे असलेले रसायन हळदीत मिसळल्याचे प्रकार घडले आहेत, आणि २०१६ मध्ये शिशामुळे अमेरिकेत अनेक ब्रँडची हळद बाजारातून परत मागवली गेली. हे शिसे नाकाला कळत नाही. त्यासाठी तपासणीच लागते, म्हणून सुटी, बिननावाची, डोळ्यांत भरणारी पिवळीधमक हळद बॅगेत भरून आणण्याचा मोह टाळा. नाकाचा उपयोग दुसरीकडे. शेगडीवरच्या कपाटात दोन वर्षे ठेवलेल्या हळदीचा रंग बराचसा टिकतो, तेल उडून जाते. तेव्हा लहान डबा आणा, झाकण घट्ट लावा, उष्णतेपासून दूर ठेवा.

मघाशी एका वहिनींनी विचारले, इथे पातोळ्यांना पाने कुठून आणायची? इंडियन ग्रोसरीत ओली हळद मिळते. डोळे फुटलेला जाड तुकडा मार्चमध्ये घरातच कुंडीत लावा, थंडी सरली की बाहेर ठेवा, पाणी साचू देऊ नका. श्रावणापर्यंत पाने हाताएवढी होतात. ऑक्टोबरमध्ये पहिल्या फ्रॉस्टच्या आधी कुंडी आत घ्या. पाने सुकली तर सुकू द्या, गड्डा जिवंत असतो. आमच्या गराजमध्ये अशा तीन कुंड्या आहेत. ज्यांना तुकडा हवा असेल त्यांनी जेवणानंतर मला गाठा. आणि हो, त्या दोन बाटल्या कोणाकडे आहेत?