यंत्राचा पडदा आणि तांडेलाची नजर
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आमच्या वाडवडिलांनी दोरीला शिशाचा गोळा बांधून दर्याचा ठाव घेतला. आज तेच काम ध्वनी करितो. १९४८ साली जपानातील फुरुनो बंधूंनी मासळी शोधण्याचे व्यवहारोपयोगी यंत्र तयार केले. आता तशी यंत्रे आपल्या नौकांवरही आली आहेत. परंतु यंत्र घेणे निराळे आणि ते वाचणे निराळे.

नौकेच्या तळातून निघालेला ध्वनी समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. ३० मीटर, म्हणजे सुमारे १६ वाव खोलीवरून त्याचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात परततो. माशाच्या मांसापेक्षा त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून तो अधिक उमटतो. घोळ माशाचे जे भोत आपण सोन्यासारखे जपतो, तेच यंत्राला दिसते. मुशीला भोत नाही. म्हणून ती पडद्यावर फिकी पडते.

आरंभी आम्हीही चुकलो. पडद्याच्या मध्यावर दाट कमान पाहून आम्ही जाळे सोडले आणि रिकामे ओढले. पडद्याची उजवी कडा हाच वर्तमान क्षण. डावीकडे सरकलेले सारे मागे राहिलेले असते, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. कमानीची लांबी ही माशाचीही लांबी नव्हे. नौका माशावरून जाताना अंतर प्रथम घटते, मग वाढते. म्हणून कमान होते. नौका व मासा दोन्ही स्थिर असतील, तर लहान माशाचीही लांबच लांब रेघ उमटते.

तळाची रेघ चिखलावर फिकी, खडकावर ठळक असते. पुष्कळदा दुप्पट खोलीवर तिची दुसरी छाया दिसते. ती दिसताच तळाचे जाळे सावरावे. तळाला बिलगलेली मासळी मात्र त्या रेघेतच मिसळते. पडदा कोरा म्हणून दर्या रिकामा समजू नये.

यंत्र प्रतिध्वनी देते, मासळीचे नाव देत नाही. म्हणून तरुण तांडेलांस आमची विनंती आहे की, पडद्यावर काय दिसले आणि जाळ्यात काय आले, हे प्रत्येक फेरीस वहीत लिहावे, आणि ती वही घरातील वृद्धांस वाचून दाखवावी. वारा, उधाण व पाण्याचा रंग ओळखणारे ते डोळे आपल्यांत आहेत, तोवरच ही वही भरली पाहिजे.