लहान शाळेची बातमी



आपल्या व्याख्यानमालेत विद्वानांची परंपरा आहे. मी सातवीपर्यंत शाळेत बसलो. पुढचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने आणि दारावरच्या सभांनी दिले. तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण माणसे कामावर किती, कोणाची जागा रिकामी, रिकाम्या जागेचे काम कोणाच्या अंगावर पडते, हा हिशेब मी तीस वर्षे करीत आलो आहे. तोच हिशेब आज मी दोन शिक्षकांच्या शाळेला लावणार आहे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की आम्ही शहरातली माणसे, वाडीवरच्या शाळेशी आमचा काय संबंध? संबंध आहे. आमच्या संघटनेतील कितीतरी सभासदांची मुले गावी आजीआजोबांपाशी शिकतात. तिथला मास्तर गेला आणि दुसरा आला नाही की ती मुले आईबापांच्या एका खोलीत राहायला येतात. गावची शाळा ओस पडते आणि शहरातली खोली भरते.

मोठ्या शाळेत एखादे गुरुजी बदलून गेले तर वेळापत्रक बदलते. लहान शाळेत गुरुजी बदलून गेले तर शाळाच बदलते. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिक्षक दोन, ही आपल्या जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळांची घडण आहे. तिथे कारकून नाही, शिपाई नाही. कुलूप उघडायचे, हजेरी घ्यायची, पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, वर कागद पाठवायचे आणि शिकवायचे, हे सारे त्या दोघांनीच करायचे. तिसरी व्यक्ती असते ती खिचडी शिजविणारी बाई. तिचे मानधन २०२३ मध्ये दरमहा दीड हजारांवरून अडीच हजारांवर आणले गेले. म्हणजे आधी ते काय होते याचा विचार आपणच करावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन, असे त्याचे कोष्टक आहे. वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, असेही त्यात लिहिले आहे. दोन शिक्षकांत चार वर्ग वाटले तर एकेका वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे ४०० तास येतात. एक शिक्षक गेला की उरतात २००. हाडाचा शिक्षक मोठ्या मुलांना लहानांपाशी बसवून, गट पाडून यातूनही मार्ग काढतो. असे शिक्षक आहेत आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण एका माणसाच्या कर्तबगारीवर सर्वांची व्यवस्था उभारता येत नाही, हे कामगार चळवळीने शिकविले आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. दोन साचे चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, हा मालकांचा आग्रह त्या संपाच्या मुळाशी होता. साचा अडला तर सूत तुटते, ते पुन्हा जोडता येते. मुलाचे दुसरीचे वर्ष तुटले तर ते कशाने जोडायचे?

याच कायद्याचे सव्विसावे कलम मला फार मोलाचे वाटते. शाळेतील रिक्त जागा मंजूर जागांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे ते सांगते. सबंध जिल्ह्याची सरासरी काढली की आकडा आटोक्यात दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण कलम शाळेविषयी बोलते. दोन जागांचे दहा टक्के म्हणजे एका शिक्षकाचा पाचवा हिस्सा. शिक्षकाचा पाचवा हिस्सा कोणाला रिकामा ठेवता येत नाही. म्हणजे दोन शिक्षकांच्या शाळेत एकही जागा रिकामी ठेवण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

तरी जागा रिकाम्या राहतात आणि त्यातून एक चक्र सुरू होते. जूनमध्ये शाळा उघडते. एक गुरुजी उन्हाळ्यात बदलून गेलेले असतात. नवे येणार म्हणून सांगतात, पण केव्हा ते कोणी सांगत नाही. ज्यांना परवडते ते पालक जुलैत मुलाचे नाव काढून गाडीने जाणाऱ्या शाळेत घालतात. मग ३० सप्टेंबर येतो. त्या दिवशीचा पट धरून पुढची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या मंजूर जागांची संख्या, ठरविण्याची आपल्याकडे रीत पडली. बासष्टांतून तीन मुले गेली की तिसरी जागा गेली. शाळा आणखी लहान झाली की चालवावी कशाला, असा प्रश्न निघतो. रिकामी जागा पट खाते आणि कमी झालेला पट जागा खातो. शाळा बंद करण्याचा ठराव कोणी केलेला नसतो, तरी शाळा बंद पडत असते.

हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शिक्षण खात्याने पुढे आणला, तेव्हा अशा शाळांचा आकडा चौदा हजारांच्या वर आणि त्यांतील मुलांचा पावणेदोन लाखांच्या वर सांगितला गेला. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील समूह शाळांचे दाखले देण्यात आले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात आज्ञा निघाली की वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतील दोन शिक्षकांपैकी एक जण दरमहा पंधरा हजारांवर कंत्राटाने नेमावा. शिक्षकांनी त्या महिन्याच्या २५ तारखेला सामूहिक रजा घेतली. वीसची मर्यादाही दहावर आणावी लागली.

समूह शाळा सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. सहा मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, हे खरे आहे. रस्ता धड असेल, गाडी वेळेवर येत असेल आणि पालकांची संमती असेल, तर तिचा विचार व्हावा. पण तो उघड व्हावा. जागा रिकामी ठेवून, पट गळू देऊन, मग "मुलेच नाहीत" असे सांगणे हा विचार नव्हे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द सांगतो. बदली हा शिक्षकाचा हक्क आहे. डोंगरातल्या वाडीवर सहा वर्षे काढलेल्या बाईंना आपल्या कुटुंबाजवळ यावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. पण अखंड चालणाऱ्या कारखान्यात एक रीत आहे. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस हजर झाल्याशिवाय पहिला माणूस यंत्र सोडीत नाही. माणूस पाठविणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी, आणि तो वेळेवर आला नाही तर जाब व्यवस्थापनाला द्यावा लागतो. शाळेलाही हीच रीत लावावी. बदलीचा हुकूम आणि बदलीवर येणाऱ्याचा हुकूम एकाच दिवशी निघावा, आणि नवे गुरुजी हजर झाल्यावर जुन्यांना मोकळे करावे. ही मागणी शिक्षक संघटनांनीच पगाराच्या मागणीशेजारी मांडावी. पगाराची मागणी रास्तच आहे. २००० साली निघालेल्या शिक्षणसेवक योजनेत तरुण शिक्षक तीन वर्षे मानधनावर राबतो. प्राथमिक शाळेत ते दरमहा सहा हजार होते, ते २०२३ च्या जानेवारीपासून सोळा हजार झाले. सहा हजारांत त्याने त्या गावी बिऱ्हाड कसे करावे? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले, तेव्हा खेड्यातील शिक्षक शेतकरी समाजातून यावा आणि त्याला बरा पगार असावा, हेच मागितले होते. शिक्षक गावात राहावा असे वाटत असेल तर त्याला राहता येईल एवढे द्यावे लागते.

मग गावाने काय करावे? मोठे आंदोलन मी सुचवीत नाही. शाळेच्या भिंतीवर एक फळा आधीच असतो. त्यावर पाच ओळी लिहाव्यात. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकामी कोणत्या तारखेपासून, हजर शिक्षकांपैकी दुसऱ्या कामावर कोण आणि केव्हापर्यंत, आणि शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी. एवढेच. त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर आपल्या नोकरवर्गाची यादी आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे फळ्यावरची ओळ ही मेहेरबानी नव्हे.

जूनमध्ये जागा रिकामी दिसली की समितीने त्याच आठवड्यात ठराव करावा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विनंतीला तारीख नसते, पोचेला असते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर त्या पाच ओळी मोठ्याने वाचाव्यात. ३० सप्टेंबरला तेव्हा दीड महिना उरलेला असतो, आणि तेवढ्यात पट सावरता येतो.

आपण शहरातील मंडळी येत्या सुटीत गावी जाल. देवळात जाल, शेताच्या बांधावर जाल. जाता जाता शाळेच्या ओट्यावर दोन मिनिटे थांबा आणि विचारा, "जूनला गुरुजी किती?" उत्तर एक आले तर दुसरे कधी येणार, हेही विचारा, आणि गावच्या चार माणसांना घेऊन त्या फळ्यावर पहिली ओळ लिहून मगच परतीची गाडी धरा.